विधि आणि अर्थवाद : अमेरिकेंतील प्रज्ञावान् विद्यार्थ्यांविषयींच्या कायद्यांचा इतिहास

कायद्याचा इतिहास लिहितांना कायदा केव्हां झाला व कोणीं केला एवढें सांगून भागत नाहीं. त्याच्या वाक्यांत क्रियापद कोणतें आहे हेंहि पाहावें लागतें. आमच्या मीमांसकांनीं वेदवाक्यांचे जे प्रकार पाडले, त्यांत विधि व अर्थवाद हे दोन प्रमुख होत. अमुक करावें असें सांगतें तें विधिवाक्य. त्या कृतीची स्तुति करून कर्त्यास प्रवृत्त करतें तें अर्थवादवाक्य. अर्थवाद निरर्थक नसतो. परंतु ज्यास विधीचा आधार नाहीं अशा अर्थवादानें कोणावरहि कर्तव्याचा भार पडत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळांतील असामान्य बुद्धीच्या मुलांसाठीं कायदे व्हावेत म्हणून जी खटपट झाली, तिचा इतिहास या दृष्टीनें वाचला असतां फार बोधप्रद होतो. त्या मुलांची स्तुति करणारीं वाक्यें तेथील कायद्यांत विपुल आहेत, विधिवाक्यें थोडीं. असें कां झालें, व जेथें विधि सांपडतो तेथें तो कोणत्या मार्गानें आला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेंत शिक्षणाचा उल्लेख नाहीं. जे अधिकार मध्यवर्ती सत्तेस दिलेले नाहींत ते घटकराज्यांकडे अथवा लोकांकडे राहतात, असें १७९१ सालच्या दहाव्या दुरुस्तीनें ठरलें, व शिक्षण त्यांतच मोडलें. शाळा चालविणें हें राज्यांचें व स्थानिक मंडळांचें काम. मध्यवर्ती विधिमंडळानें, म्हणजे तेथील काँग्रेसनें, बहुधा द्रव्य देऊन त्या कामास वळण लावावें, अशी व्यवस्था पडून गेली. यामुळें आरंभींचे प्रयत्न कायद्यानें न होतां एकेकट्या व्यक्तींच्या पुढाकारानें झाले. सेंट लुइस शहराच्या शाळांचे १८६८ ते १८८० पर्यंत अधीक्षक असलेले विल्यम टॉरी हॅरिस यांनीं हुशार मुलांस वर्षअखेरीची वाट न पाहतां वरच्या वर्गांत घालण्याची पद्धति पाडली. न्यूयॉर्क शहरांत लीटा हॉलिंगवर्थ यांनीं १९२२ पासून एका सार्वजनिक शाळेंत अशा मुलांच्या स्वतंत्र वर्गांचा प्रयोग चालविला.

त्याच काळांत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लुइस टर्मन यांनीं, फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी १९१६ सालीं अमेरिकेस जुळवून घेतली, आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील सुमारें दीड हजार मुलांचा जन्मभर माग ठेवणारें संशोधन आरंभिलें. अतिबुद्धिमान् मूल दुबळें व विक्षिप्त निघतें हा लोकसमज त्या संशोधनानें खोडून काढला, ही त्याची थोर कामगिरी होय. परंतु टर्मन यांचा आनुवंशिकतेवरील अतिरेकी भर व सुप्रजननवादाकडील ओढा यांमुळें या साऱ्या प्रश्नावर संशयाची जी छाया पडली, ती अद्याप पुरती गेलेली नाहीं. शिवाय त्यांच्या कसोटीनें ज्यांस वगळलें अशा मुलांत विल्यम शॉकली व लुइस अल्व्हारेझ हे होते, आणि त्या दोघांस पुढें अनुक्रमें १९५६ व १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. कसोटीच्या आंकड्यावर किती विसंबावें याचा हा धडा पुढील कायदे करणाऱ्यांपुढें होता.

या प्रश्नास कायद्याचें रूप आलें तें एका भयामुळें. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएत रशियानें स्पुट्निक हा कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. आपल्या शाळा मागें पडल्या म्हणून आपलें राष्ट्र मागें पडलें अशी अमेरिकेंत हाकाटी झाली, आणि वर्ष उलटण्याच्या आंत, २ सप्टेंबर १९५८ रोजीं, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. तें विधेयक पुढें आणणारे लिस्टर हिल व कार्ल एलियट हे दोघेहि अलाबामा राज्याचे प्रतिनिधि होते. चार वर्षांत सुमारें शंभर कोटी डॉलर खर्चावयाची ही योजना. तिच्यांत विज्ञान, गणित व परभाषा यांच्या अध्यापनास साहाय्य होतें, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस कर्जें होतीं, आणि पांचव्या प्रकरणांत माध्यमिक शाळांतून कसोट्या घेऊन हुशार मुलें हुडकण्यासाठीं व त्यांस मार्गदर्शन करण्यासाठीं राज्यांस अनुदान होतें. याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणानें परभाषांच्या उच्च अभ्यासास द्रव्य पुरविलें, व दक्षिण आशियांतील भाषांस त्यांत वांटा मिळाला. मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांचें मराठीचें इंग्रजी व्याकरण १९७५ सालीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतून प्रसिद्ध झालें, तें त्या देशांतील दक्षिण आशियाविषयक अभ्यासाच्या याच भरभराटीच्या काळांत.

परंतु या कायद्याचें नांवच पाहावें. त्यांत ‘संरक्षण’ हा शब्द शिक्षणाच्या आधीं आला आहे. राष्ट्राच्या सुरक्षिततेस बुद्धिमान् माणसें हवींत, म्हणून बुद्धिमान् मुलें शोधावयाचीं, असा त्याचा युक्तिवाद. येथें अधिकारी कोण, असें मीमांसेच्या परिभाषेंत विचारलें तर उत्तर ‘राष्ट्र’ असें येतें, ‘मूल’ असें येत नाहीं. राष्ट्राचें भय ओसरलें कीं त्या मुलाचें काय, या प्रश्नास कायद्याजवळ उत्तर नव्हतें. पुढें तसेंच झालें. १९६० नंतरच्या दशकांत देशाचें लक्ष वर्णभेद व दारिद्र्य यांकडे वळलें, आणि तें न्याय्यच होतें. ११ एप्रिल १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं सही केलेला प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा मुख्यतः गरीब मुलांसाठीं होता. हुशार मुलांचा विषय मागें पडला.

तो पुन्हां वर आला तो १९७० सालीं. त्या वर्षींच्या दुरुस्ती कायद्यानें मध्यवर्ती शिक्षणायुक्तांस अशा मुलांच्या स्थितीची पाहणी करून काँग्रेसला कळविण्याची आज्ञा केली. सिडनी मार्लंड हे तेव्हांचे शिक्षणायुक्त. त्यांचा अहवाल १९७१ च्या ऑगस्टमध्यें सादर झाला व १९७२ सालीं छापून निघाला. त्यांत प्रज्ञेची व्याख्या प्रथमच विस्तारानें केली गेली. सर्वसाधारण बुद्धि, एखाद्या विषयांतील विशेष गति, सर्जनशील विचार, नेतृत्व, दृश्य व प्रयोगीय कला, आणि शारीरिक कौशल्य, अशीं सहा अंगें तींत घेतलीं होतीं. शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं निदान तीन ते पांच टक्के मुलें या व्याख्येंत बसतील, म्हणजे देशांत अशीं पंधरा ते पंचवीस लक्ष मुलें असतील, असा अंदाज त्यांत होता. आणि ज्या शाळांची पाहणी झाली त्यांपैकीं निम्म्याहून अधिक शाळांनीं आमच्याकडे असें मूल एकहि नाहीं असें कळविलें होतें! एकवीस राज्यांत या विषयाचे कांहींना कांहीं कायदे होते. पण त्यांतील पुष्कळ केवळ सदिच्छा व्यक्त करणारे होते, असेंहि अहवाल सांगतो. हाच आमच्या परिभाषेंतला अर्थवाद.

अहवालाचा परिणाम झाला नाहीं असें नाहीं. मध्यवर्ती शिक्षणखात्यांत या विषयाची स्वतंत्र कचेरी निघाली, आणि १९७४ सालच्या कायद्यानें विशेष प्रयोगांसाठीं द्रव्याची तरतूद झाली. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम वर्षास सुमारें पंचवीस लक्ष डॉलर होती. मार्लंड यांच्याच अंदाजानें हिशेब केला तर दर मुलामागें एक ते पावणेदोन डॉलर पडतात. १९७८ सालीं स्वतंत्र नांवाचा कायदा होऊन व्याख्येंतून शारीरिक कौशल्य गळलें. आणि १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या काळांत खर्चकपात झाली, तेव्हां अनेक लहान योजनांबरोबर हीहि राज्यांस द्यावयाच्या एकत्रित अनुदानांत विलीन करण्यांत आली. लागलीच ती कचेरीहि बंद पडली. एका अंदाजपत्रकी कायद्यानें दहा वर्षांचें काम पुसलें गेलें, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कोणाहि मुलास नव्हता.

याच दशकांत दुसऱ्या एका वर्गाच्या मुलांचा इतिहास अगदीं निराळा घडला, व तुलनेसाठीं तो अवश्य पाहिला पाहिजे. मतिमंद व अपंग मुलांच्या आईबापांनीं खजिन्याकडे न जातां न्यायालयाकडे धांव घेतली. पेन्सिल्व्हेनिया राज्यांत व राजधानी वॉशिंग्टन येथें १९७२ सालीं जे निर्णय झाले, त्यांनीं या मुलांस सार्वजनिक शिक्षणांतून वगळतां येत नाहीं हें तत्त्व प्रस्थापित केलें. त्याच पायावर २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनें सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. प्रत्येक अपंग मुलास विनामूल्य व योग्य शिक्षण मिळावें, त्याच्यासाठीं लेखी वैयक्तिक शिक्षणयोजना असावी, आणि ती न पटल्यास पालकांस सुनावणी मागतां यावी, हीं त्याचीं तीन अंगें. हें निखळ विधिवाक्य होय. कोणीं करावें, कोणासाठीं करावें, न केल्यास काय, हें सारें त्यांत आहे. प्रज्ञावान् मुलें मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिलीं. एका पक्षानें ‘माझ्या मुलाचा हक्क’ असें म्हटलें. दुसरा पक्ष ‘राष्ट्राची ठेव’ असें म्हणत राहिला. ठेव सांभाळावयाची कीं नाहीं हें धन्याच्या मर्जीवर असतें. हक्काचें तसें नसतें.

१९८८ सालीं एप्रिलमध्यें प्रज्ञावान् विद्यार्थ्यांसाठीं पुन्हां मध्यवर्ती कायदा झाला. त्यास न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांचें नांव दिलें. ते दोन वर्षांपूर्वीं, मार्च १९८६ मध्यें, निवर्तले होते. गरीब, इंग्रजी नीट न येणाऱ्या व अपंग मुलांतील प्रज्ञा शोधण्यास प्राधान्य द्यावें, हा या कायद्याचा मोठा गुण. त्याच्या साहाय्यानें १९९० सालीं कनेक्टिकट विद्यापीठांत जोसेफ रेन्झुली यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्रीय संशोधनकेंद्र निघालें. व्याख्येंतहि एक मर्माचा शब्द होता : शाळेंत सामान्यतः न मिळणाऱ्या सोयींची ज्या मुलांस ‘गरज’ आहे तीं हीं मुलें. परंतु गरज मान्य करून ती भागविण्याची सक्ती कोणावरहि केली नव्हती. हा सारा प्रयोगांसाठीं व संशोधनासाठीं द्यावयाच्या अनुदानांचा कायदा होता. आरंभीं सुमारें ऐंशी लक्ष डॉलर मिळाले; वीस वर्षांनंतर, २०१० सालीं, रक्कम पाऊण कोटीच्या घरांतच होती. २०११ सालीं ती शून्यावर आली, आणि २०१४ सालीं पन्नास लक्ष डॉलर देऊन योजना पुनः जिवंत करण्यांत आली. मधल्या तीन वर्षांत कायदा पुस्तकांत होता, पण त्याच्या हातांत कांहीं नव्हतें. संस्कृतांत ‘योगक्षेम’ म्हणतात; न मिळालेलें मिळविणें हा योग, व मिळालेलें राखणें हा क्षेम. अमेरिकेंतील या चळवळीस मध्यवर्ती सत्तेकडून योग तीनदां साधला. क्षेम एकदांहि साधला नाहीं.

आतां घटकराज्यांकडे वळूं. सर्व राज्यांची स्थिति एकसारखी नाहीं. पण पेन्सिल्व्हेनियाचें उदाहरण विशेष बोलकें आहे. तेथील शाळाविषयक कायद्यांत ‘अपवादात्मक मूल’ अशी संज्ञा होती : सरासरीपासून जें इतकें दूर आहे कीं त्यास निराळ्या शिक्षणाची जरूर पडते तें मूल. सरासरीच्या खालीं कीं वर, असा भेद त्या शब्दांत नव्हता, आणि राज्याच्या शिक्षणमंडळाच्या नियमांनीं प्रज्ञावान् मुलें त्यांत घेतलीं. १९८८ सालीं, ज्या वर्षीं काँग्रेसनें जॅव्हिट्स कायदा केला त्याच वर्षीं, या नियमांचा कस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांत लागला. एका विद्यार्थ्यास वाचन व गणित यांत त्याच्या गतीप्रमाणें शिक्षण मिळावें अशी मागणी होती. आठवड्यांतून ठराविक वेळ सर्व हुशार मुलांस मिळून जो जादा वर्ग भरतो तेवढा पुरे, असें शाळामंडळाचें म्हणणें. न्यायालयानें मंडळाचें म्हणणें फेटाळलें, व शिक्षण त्या मुलाच्या गरजेस अनुरूप असलें पाहिजे असा निर्णय दिला. मात्र मर्यादाहि घातली : शाळेजवळ जे अभ्यासक्रम आहेत त्यांच्या आंतच ही अनुरूपता साधावयाची, प्रत्येक हुशार मुलापुढें शाळेनें विद्यापीठ उभें करावें असा त्याचा अर्थ नव्हे. पुढें २००० सालीं या मुलांसाठीं स्वतंत्र नियम झाले, व प्रत्येकाची लेखी वैयक्तिक योजना आवश्यक ठरली. मध्यवर्ती अनुदान आलें, आटलें, पुन्हां आलें. तेथील नियम टिकून राहिले. हक्क आंखूड असला तरी तो हक्क होता.

असें असलें तरी हक्क लिहून ठेवला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. हक्काचा उपभोग घेणारें मूल सांपडलें पाहिजे, आणि तें शोधण्याचें काम कोणाचें हाहि विधीचाच भाग आहे. फ्लॉरिडा राज्यानेंहि प्रज्ञावान् मुलांस अपवादात्मक मुलांत गणलें आहे. तेथील एका मोठ्या शाळाविभागांत पूर्वीं शिक्षकांनीं वा पालकांनीं सुचविलेल्या मुलांचीच कसोटी होत असे. २००५-०६ पासून दुसरींतील सर्व मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास आरंभ झाला. डेव्हिड कार्ड व लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनीं या बदलाचा अभ्यास करून २०१६ सालीं असें दाखविलें कीं, कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषिक व गरीब घरांतील प्रज्ञावान् मुलें पूर्वीपेक्षां बऱ्याच अधिक संख्येनें पुढें आलीं. तीं पूर्वींहि शाळेंतच होतीं, पण त्यांचें नांव कोणीं सुचविलें नव्हतें. पुढें आर्थिक मंदींत ही सरसकट चाचणी बंद होतांच ती वाढहि ओसरली. ज्याचे आईबाप कचेरींत जाऊन बोलूं शकतात त्याचीच प्रज्ञा कायद्यास दिसते, हा दोष केवळ हक्क लिहून जात नाहीं.

दुसरा इशारा न्यूयॉर्कचा आहे. शहरांतील स्टाइव्हसंट, ब्राँक्स सायन्स व ब्रुक्लिन टेक्निकल या नामांकित शाळांची प्रवेशपरीक्षा पक्षपाती आहे अशी तक्रार झाली, तेव्हां त्या शाळांच्या पाठिराख्यांनीं १९७१ सालीं राज्याच्या विधिमंडळाकडून हेक्ट-कॅलंड्रा या नांवानें ओळखला जाणारा कायदा करवून घेतला. प्रवेश केवळ चढाओढीच्या परीक्षेनेंच व्हावा असा स्पष्ट विधि त्यानें घालून दिला. हा विधि इतका पक्का ठरला कीं २०१८ सालीं महापौर डी ब्लाझिओ यांनीं तो बदलण्याचा प्रयत्न केला व पुढच्या वर्षीं तो फसला. २०१९ सालीं स्टाइव्हसंट शाळेनें ८९५ मुलांस प्रवेश देऊं केला, त्यांत कृष्णवर्णीय मुलें फक्त ७ होतीं. परीक्षेच्या कैवाऱ्यांचें म्हणणेंहि नमूद केलें पाहिजे : वशिल्यास वाव न देणाऱ्या याच परीक्षेनें पुष्कळ गरीब आशियाई निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांतील मुलें वर आलीं. दोन्ही म्हणण्यांत सत्यांश आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, या कायद्यानें हक्क दिला तो संस्थेच्या दारास. दाराबाहेर राहिलेल्या हुशार मुलाचें स्वतःच्या शाळेंत काय व्हावें, याविषयीं तो मूक आहे.

या साऱ्या चळवळीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, कीं ज्यांस निसर्गानें आधींच दिलें त्यांस राज्यानें आणखी कां द्यावें. आक्षेप हलका नाहीं. पण आम्हीं वर्गांत जीं तीन तपें काढलीं त्यांवरून आम्हांस असें वाटतें कीं, त्यांत एक गृहीत आहे, तें असें कीं हुशार मुलाचें आपोआप भागतें. गणित सर्वांच्या आधीं सोडवून बसलेल्या मुलास आपण हाताची घडी घालावयास सांगतों. तें वर्षानुवर्षें घडी घालतें, आणि एके दिवशीं गणित सोडविण्याचेंच सोडून देतें. सुखवस्तु घरांतील मुलास शिकवणी, पुस्तकें, प्रवास यांची जोड मिळते. सार्वजनिक शाळेखेरीज ज्यास दुसरें कांहींच नाहीं त्याचें नुकसान मात्र भरून निघत नाहीं. म्हणून हा प्रश्न समतेच्या विरुद्ध नसून समतेचाच आहे. आमच्या शास्त्रकारांनीं अधिकारिभेद सांगितला तो ज्याची जशी तयारी तसा उपदेश या अर्थीं. तो जन्मावर बसविला गेला हें आमचें दुर्दैव, आणि आजच्या विधिकर्त्यांनीं तीच चूक आंकड्यावर बसवूं नये.

आमच्या देशाकडे पाहिलें तर या इतिहासाची उपयुक्तता सहज दिसते. पुण्यांत १९६२ सालीं स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांताचा आधार घेऊन कसोट्या सिद्ध केल्या. तें एका संस्थेचें स्वयंस्फूर्त कार्य. १९८६ च्या शिक्षणधोरणांतलीं नवोदय विद्यालयें, ज्यांपैकीं पहिल्या दोहोंत आमच्या अमरावतीचें एक होतें, हें शासनाचें कार्य. १९६३ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा ही एक योजना होती. तिची मुदत ३१ मार्च २०२१ रोजीं संपली व ती स्थगित झाली, आणि त्याबद्दल कोणा मुलास दाद मागतां आली नाहीं. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला व २००९ सालीं त्याचा कायदा झाला. परंतु त्यांत प्रज्ञावान् मुलाचा स्वतंत्र विचार नाहीं. २०२० च्या धोरणांत तो आहे, पण धोरण म्हणजे विधि नव्हे.

तात्पर्य, असा कायदा मागणाऱ्यांनीं आपल्या मसुद्यास तीन प्रश्न विचारावेत. मूल शोधण्याचें काम कोणावर टाकलें आहे? जें द्यावयाचें तें कोणास देणें आहे, मुलास, संस्थेस, कीं राष्ट्राच्या गौरवास? आणि तें न दिल्यास कोणापुढें उभें राहून विचारतां येईल? १९५८ चा कायदा दुसऱ्या प्रश्नास चुकला, १९७४ व १९८८ चे तिसऱ्यास, आणि पेन्सिल्व्हेनियाचे नियम या दोहोंस उतरूनहि पहिला प्रश्न, फ्लॉरिडाच्या अनुभवानें दाखविल्याप्रमाणें, निराळा सोडवावा लागतो. तिन्ही उत्तरें ज्यांत आहेत असा कायदा लहान असला तरी चालेल. त्याच्या प्रस्तावनेंत बुद्धीची थोरवी गायिली नसली तरीहि चालेल.